काही अडचण?

आमच्या तालुक्यात सगळ्यांत जास्त नेतृत्वगुण माझ्यात आहेत. हे मी म्हणत नाही. तसं लिहून दिलेली सहीशिक्क्याची अकरा प्रमाणपत्रं माझ्या घरी लोखंडी ट्रंकेत पडून आहेत. 'ताणतणाव व्यवस्थापन' दोनदा झालं, 'वेळेचे व्यवस्थापन' तीनदा. तिसऱ्या खेपेला मी पाऊण तास उशिरा पोचलो होतो, पण प्रमाणपत्रावर तसा उल्लेख नाही. बायको दर दिवाळीला ट्रंक आवरताना म्हणते, "कागद इतका जाड आहे, की याच्या धड पुड्यासुद्धा होत नाहीत."

मी ग्रामसेवक. म्हणजे होतो. २०२४ साली सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक केली आणि मी 'ग्रामपंचायत अधिकारी' झालो. पदनाम लांबलं, शिक्का नवा करावा लागला, त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. गावं मात्र होती तीच तीन राहिली. गावाच्या लेखी मी तेव्हाही 'भाऊसाहेब' होतो, आजही भाऊसाहेबच आहे. ही हाक ऐकायला भारदस्त वाटते, पण तिच्यामागे बहुतेक वेळा "तेवढा दाखला" येतो.

एवढी प्रशिक्षणं माझ्याच वाट्याला का, असं कुणी विचारेल. पंचायत समितीत पत्र येतं: 'आपल्या अधिनस्त कार्यक्षम कर्मचाऱ्याचे नामनिर्देशन करावे.' आता कार्यक्षम माणूस तीन दिवस पाठवला तर इथली घरकुलाची प्रकरणं कोण बघणार? तेव्हा ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असा माणूस शोधतात. त्यातही तो नाही न म्हणणारा हवा. या दोन्ही अटींत मी दरवेळी एकटाच बसतो.

बीडीओसाहेबांचा फोन येतो. ते फार बोलत नाहीत. "सोमवारपासून तीन दिवस ट्रेनिंग. काही अडचण?"

अडचणी असतात. ढिगाने असतात. एका गावात घरपट्टीची वसुली अडकलेली असते, दुसऱ्यात घंटागाडी पंक्चर होऊन देवळामागे उभी असते, तिसऱ्यात सरपंच आणि उपसरपंच एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत असतात. हे सगळं घशापर्यंत येतं आणि तोंडातून निघतं, "बघतो साहेब."

'बघतो' हा आमच्या नोकरीतला सगळ्यांत उपयोगी शब्द. साहेबाला म्हटला तर त्याचा अर्थ 'हो', गावकऱ्याला म्हटला तर 'नाही'. मी दिवसातून पन्नास वेळा तो दोन्ही बाजूंनी वापरतो. 'नाही' हा शब्द मी वापरल्याचं मला आठवत नाही.

या वेळचं पत्र 'नेतृत्व विकास व व्यवस्थापन कौशल्ये' या तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाचं होतं. लोकप्रतिनिधी आणि कर्मचारी यांचं संयुक्त, 'विनासबब उपस्थित राहावे' अशा प्रेमळ शेवटाचं. तारखा मार्चच्या चौथ्या आठवड्यातल्या. नेतृत्वाच्या विकासाला मार्च महिना फार मानवतो, कारण न खर्चलेला निधी ३१ तारखेनंतर परत जातो. म्हणजे वसुलीच्या ऐन धामधुमीत, लोक ज्या आठवड्यात मला शिव्या देणार, त्याच आठवड्यात मी त्यांचं नेतृत्व करायला शिकणार.

जायच्या आदल्या संध्याकाळी दप्तराची किल्ली आबांकडे दिली. आबा आमच्या पाणीपुरवठ्याचे कर्मचारी. गाव त्यांना 'वॉलमन' म्हणतं. त्यांच्या खांद्यावर कमरेएवढी उंच, टी आकाराची लोखंडी चावी असते. वॉलच्या खड्ड्याशी उकिडवं बसून ते चावी अर्धा फेरा फिरवतात, पाइपाला कान लावतात आणि पाणी कोणत्या आळीला पोचलं ते आवाजावरून सांगतात. सातवीपर्यंत शिकलेत. प्रमाणपत्र एकही नाही.

"कशाचं टरेनिंग म्हनायचं?" आबांनी विचारलं.

"नेतृत्वाचं."

"म्हंजे?"

"म्हणजे लोकांना पुढं कसं न्यायचं, ते."

आबांनी जरा विचार केला. "कुठं?"

एसटीत तीन तास मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

पुण्याची यशदा ही आमच्या खात्याची काशी. बाणेर रस्त्यावरच्या त्या आवारात जाऊन आलेला माणूस पुढे वर्षभर "आम्ही यशदाला असताना" अशी वाक्यं टाकतो. माझ्या नशिबी मात्र जवळपासचंच एखादं केंद्र येतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण मला पुन्हा तिथंच जायचं असतं. खोलीत दोन पलंग, एक बादली आणि शून्य मग. खोलीतले जोडीदार शेजारच्या तालुक्यातले शाखा अभियंता होते. ते रात्री घोरायचे, आणि घोरणं थांबलं की झोपेत मोजमापं सांगायचे.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे होते. ते १९५७ सालच्या बलवंतराय मेहता समितीपासून निघाले. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १ मे १९६२ ला अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा, असे एकेक थांबे घेत ७३ व्या घटनादुरुस्तीला पोचेपर्यंत साडेबारा वाजले. त्यांनी २४ एप्रिल १९९३ ही तारीख दोनदा सांगितली आणि अकराव्या अनुसूचीतले पंचायतींचे २९ विषय वाचायला घेतले. बाराव्या क्रमांकाला 'इंधन व चारा' आला तेव्हा साऱ्या सभागृहाच्या मनात एकदमच जेवण आलं. चौदाव्या क्रमांकाला 'ग्रामीण विद्युतीकरण' आलं आणि वीज गेली. पाहुणे अंधारात पुढचे पंधरा विषय तोंडपाठ म्हणाले. हा खरा नेता, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांच्यामागे कुणी आलं नाही, पण ते थांबले नाहीत.

जेवणानंतर साधन व्यक्ती आल्या. प्रशिक्षकाला 'साधन व्यक्ती' म्हणण्याचा मोकळेपणा फक्त सरकारी मराठीत आहे. आमचं साधन म्हणजे कोट घातलेले, कंपन्यांत प्रशिक्षण देऊन आलेले एक तरतरीत गृहस्थ. त्यांना आधी 'बर्फ फोडायचा' होता. मार्चात, पंखे बंद असताना, आमची काही हरकत नव्हती.

"प्रत्येकाने उठायचं, आडनाव सांगायचं आणि आडनावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारा स्वतःचा एक गुण सांगायचा!"

'क'वाले 'कर्तव्यदक्ष' झाले. 'प'वाले एकजात 'प्रामाणिक' झाले; त्यातल्या एकाकडे बघून मागच्या रांगेत खोकला झाला. 'म'च्या बाई 'मनमिळाऊ' निघाल्या. मी घामाघूम. माझं आडनाव 'ढ'ने सुरू होतं. शाळेत याच अक्षरावरून मला काय काय म्हणत ते आठवलं. मनातल्या मनात शब्दकोश चाळला: ढिला, ढोंगी, ढिम्म, ढेरपोट्या. एकेक गुण लागू होता, पण सांगण्यासारखा नव्हता. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि शांतता पसरली. तेवढ्यात अभियंता मागून ओरडले, "ढाण्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचे तीन दिवस मी 'ढाण्या भाऊसाहेब' होतो. चहाच्या रांगेत लोक मला वाट करून देत आणि मग माझ्याआधी चहा घेत.

मग सिद्धांत सुरू झाले. पहिला मॅस्लोचा, १९४३ सालचा. माणसाच्या गरजांची उतरंड: खाली अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मानसन्मान आणि टोकाला आत्मसाक्षात्कार. हा शब्द ऐकताच माळकरी असलेले एक ग्रामसेवक जागे झाले. "याला गुरू करावा लागतो का?" त्यांनी विचारलं. साधन व्यक्ती म्हणाल्या, की तुम्ही तुमच्या नोकरीच्या गरजांची उतरंड काढा. सगळ्यांच्या वह्यांत तीच निघाली. तळाला मोबाइलची रेंज, त्यावर गाडीचं पेट्रोल, त्यावर वेळेवर पगार, त्यावर लेखापरीक्षणात न निघालेले आक्षेप. आणि टोकाला, जिथं आत्मसाक्षात्कार होता तिथं, प्रत्येकाने एकच शब्द लिहिला होता: बदली.

दुसरी जोहारी खिडकी. मी शेजाऱ्याला विचारलं, "हे जोहारी म्हणजे आपले जव्हेरीच का?" तसं नाही. जो आणि हॅरी अशा दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ती केली आणि दोघांची नावं जोडून 'जोहारी' झालं. खिडकीला चार तावदानं. एकात, आपल्याला आणि लोकांना दोघांनाही माहीत असलेलं: वसुली मागे आहे. दुसऱ्यात, आपल्याला माहीत पण लोकांना नाही: पुढच्या महिन्यात पाणीपट्टी वाढणार आहे. तिसऱ्यात, लोकांना माहीत पण आपल्याला नाही. इथं मी थबकलो. मागच्या वेळी माझी बदली झाली तेव्हा पानवाल्याला माहीत होतं, एसटीच्या कंडक्टरला माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं. आदेश मला चार दिवसांनी मिळाला. चौथं तावदान कुणालाच माहीत नसलेल्याचं. "नव्या ऑनलाइन प्रणालीचा पासवर्ड," असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. तीन दिवसांत साऱ्या वर्गाचं एकमत झालं ते एवढंच.

तिसरा मॅकग्रेगर, १९६० सालचा. एक्स विचारसरणीच्या साहेबाला वाटतं, कर्मचारी मुळातच कामचुकार असतात. वाय विचारसरणीचा साहेब मानतो, की माणसाला काम करायला आवडतं. "तुमच्या कार्यालयात काय आहे?" असं विचारल्यावर एक कनिष्ठ लेखा सहायक उठले. "साहेब एक्स आहेत," ते म्हणाले, "आणि वेळ वाय जातो."

"चौकटीबाहेर विचार करा," असं साधन व्यक्तींनी त्या दुपारी सात वेळा सांगितलं. आम्ही माना डोलावल्या. ग्रामपंचायतीचे हिशोबाचे नमुने १ ते ३३ आहेत आणि प्रत्येकाला चौकटी आहेत. चौकटीबाहेर पेन्सिलीचं टोक गेलं, तरी लेखापरीक्षक परिच्छेद लिहितो.

"नेता म्हणजे कोण? ज्याच्यामागे लोक येतात तो!" हेही त्यांनी सांगितलं. मला माझी ग्रामसभा आठवली. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी ती लागते. येतात अकरा. त्यातले चार सदस्य, दोन भांडायला आलेले आणि एक जण सावलीला बसलेला. मग सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. माझं जे काही नेतृत्व आहे ते सगळं तहकूब सभांत फुललेलं आहे.

दुसऱ्या दिवशी खेळ होता. सहा-सहांचे गट, प्रत्येकाला जुनी वर्तमानपत्रं, एक चिकटपट्टी, एक कात्री आणि वीस मिनिटं. ज्याचा मनोरा सगळ्यांत उंच, तो गट विजयी. शिट्टी वाजली.

आमच्या गटात अभियंता, लेखा सहायक, एक आरोग्यसेवक, माळकरी ग्रामसेवक, आणखी एक ग्रामसेवक आणि मी. "आधी गटप्रमुख निवडा," लेखा सहायक म्हणाले. सूचक झाले, अनुमोदक झाले. ढाण्या असल्यामुळे आणि बाकी कुणी तयार नसल्यामुळे मी निवडून आलो. तीन मिनिटं गेली.

"आता अंदाजपत्रक," अभियंता म्हणाले आणि त्यांनी चार्टपेपरवर पायाचा छेद काढायला घेतला.

"चिकटपट्टी एकच आहे," लेखा सहायक म्हणाले. "जादा लागली तर खर्च कुठल्या शीर्षातून?"

"जादा लागली तर तीन दरपत्रकं मागवू," दुसरे ग्रामसेवक म्हणाले.

"पाया किती घ्यायचा याबाबत काही मार्गदर्शक सूचना असतील," माळकरी म्हणाले. "विचारून घ्या. नंतर अंगाशी नको."

मी गटप्रमुख या नात्याने साधन व्यक्तींकडे गेलो. ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "तुम्हीच ठरवा!"

मी परत येऊन निरोप सांगितला. टेबलावर शांतता पसरली. आम्हा सहा जणांची नोकरी मिळून शंभरावर वर्षं भरत होती. तेवढ्या वर्षांत हे वाक्य आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं. लेखा सहायकांनी आवाज खाली आणला. "तोंडी सांगितलं ना? लेखी नाही?"

"तोंडी."

"मग यात काहीतरी आहे. उद्या मनोरा पडला तर ते म्हणतील, आम्ही कुठं सांगितलं होतं."

सोळाव्या मिनिटाला 'सर्वानुमते ठरले की मनोरा बांधण्यात यावा' असा ठराव वहीत झाला. विसाव्या मिनिटाला शिट्टी वाजली, तेव्हा टेबलावर वर्तमानपत्राची एक गुंडाळी उभी होती आणि ती मी हाताने धरली होती.

"तुमचा मनोरा?" साधन व्यक्तींनी विचारलं.

"काम प्रगतिपथावर आहे," अभियंता म्हणाले.

"हात काढू नका," लेखा सहायक माझ्या कानात पुटपुटले, "जिओटॅग फोटो होऊ द्या. पहिला हप्ता निघतो."

पलीकडच्या टेबलावर सरपंचताईंचा गट होता. आपल्याकडे २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे त्यांचे दोन गट भरले होते. यातल्या एका ताईंचे यजमान तीन दिवस खिडकीबाहेर लिंबाखाली उभे असत. पहिल्या दिवशी ते हजेरीपटावर सहीसुद्धा करायला आले होते. ती सवय होती, त्यात वाईट हेतू नव्हता. आत्ता ते गजांतून हातवारे करत होते. "अगं, खाली चिकटपट्टी लाव! खाली!"

"तुम्ही चहा घ्या," ताई मान न वळवता म्हणाल्या आणि शेवटची गुंडाळी वर ठेवली. त्यांचा मनोरा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. सात मिनिटांत झाला होता. उरलेल्या तेरा मिनिटांत त्यांनी उरलेले कागद घडी घालून ठेवले होते.

"तुम्ही नियोजन कसं केलंत?" साधन व्यक्तींनी वही उघडली.

"त्यात कसलं नियोजन?" ताई म्हणाल्या. "खाली मोठं, वर लहान. उतरंड लावायला कुणी मीटिंग घेतं का?"

मग आम्हा सगळ्यांना विचारलं गेलं, की या खेळातून काय शिकलात. आमच्या गटातर्फे अभियंत्यांनी उत्तर दिलं. "वापरलेल्या कागदाचा दर्जा निकृष्ट होता."

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर ते सत्र आलं, ज्याच्यासाठी जणू माझा जन्म झाला होता. पडद्यावर अक्षरं उमटली: 'नाही म्हणण्याची कला'. जेवणात मटकीची उसळ आणि प्रत्येकी दोन गुलाबजाम होते. अर्धा वर्ग मॅस्लोच्या तळाच्या पायरीवर तृप्त होऊन पेंगत होता. मी मात्र ताठ बसलो.

"जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराला किंमत नसते," साधन व्यक्ती म्हणाल्या. "कोण प्रात्यक्षिकाला येतं?" सगळ्या वर्गाने ढाण्याचं नाव घेतलं. मी नाही म्हणू शकलो नाही.

"मी गावकरी," ते म्हणाले. "मला नियमात न बसणारा दाखला हवाय. तुम्ही मला हसतमुखाने, ठामपणे नाही म्हणायचं. भाऊसाहेब, तेवढा दाखला द्या की!"

मी श्वास घेतला. "बघतो."

"'बघतो' नाही. 'नाही' म्हणा."

"नाही..." मी म्हणालो आणि घसा कोरडा पडला. "म्हणजे अगदीच नाही असं नाही. कागद ठेवून जा."

"पुन्हा!"

"या उद्या."

"पुन्हा! एकच शब्द!"

"सर्व्हर डाउन आहे."

वर्ग जागा झाला. पुढच्या दहा मिनिटांत फळ्यावर यादी लागली. 'साहेबांना विचारतो', 'वरून आलं की कळवतो', 'फाइल टेबलावर आहे', 'तुमचं काम झालंच समजा', 'आचारसंहिता लागू द्या' आणि 'आचारसंहिता उठू द्या'. 'नाही'ला आमच्याकडे सत्तावीस प्रतिशब्द निघाले आणि 'नाही' त्यात नव्हता. साधन व्यक्ती थक्क होऊन फळ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बहुधा केंद्राच्या वरिष्ठांचा असावा, कारण ते फोनवर उभे होते ते अधिक ताठ उभे राहिले.

"हो सर... नाही, म्हणजे साडेचारची गाडी आहे... मुलीचा वाढदिवस होता, पण... ताणतणावाचं सत्र? ते पाहुणे आले नाहीत का... हो सर. बघतो सर."

फोन खिशात ठेवून ते आमच्याकडे वळले. वर्गात कुणी हसलं नाही. एवढी आपुलकी मला त्यांच्याविषयी तीन दिवसांत वाटली नव्हती. माळकरी ग्रामसेवकांनी उठून त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

समारोपाला चाचणी झाली. प्रशिक्षणापूर्वीच्या चाचणीत मला वीसपैकी चौदा होते, नंतरच्या चाचणीत अकरा आले. समन्वयकांनी पाठीवर हात ठेवला. "याचा अर्थ, आधी तुम्ही अंदाजाने लिहीत होता. आता विचार करायला लागलात." अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्कृष्ट'वर खूण केली, कारण फॉर्म दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हतं. 'सूचना' या रकान्यात प्रत्येकाने मनापासून लिहिलं: 'कालावधी वाढवावा.' गावोगाव वसुली वाट बघत होती.

चौथ्या दिवशी गावात उतरलो. बारावं प्रमाणपत्र पिशवीत होतं, समूहचित्र सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर माझ्याआधी पोचलं होतं. पंचायतीसमोर पन्नासेक बायाबापडे रिकाम्या घागरी घेऊन उभे होते. कुणीतरी म्हणालं, "ढाण्या आला!" हे अभियंत्यांचं काम.

मी पाय किंचित फाकवून उभा राहिलो, तळवे उघडे ठेवले. प्रशिक्षणात शिकवलेलं सक्रिय श्रवण करायचं ठरवलं. त्यात समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं असतं.

"भाऊसाहेब, तीन दिवस पाणी नाही!"

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तीन दिवस पाणी नाही."

"मग आम्ही काय बोलतोय?"

"तुमच्या भावना मला समजतात," मी म्हणालो.

पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मावशींनी घागर जमिनीवर आपटली. "भावना ऱ्हाऊ दे बाबा. पानी दे."

मी साचलेल्या गर्दीकडे बघत 'बघतो' म्हणणार, इतक्यात कोपऱ्यावरून चावी खांद्यावर घेतलेले आबा आले. ते पाय फाकवून उभे राहिले नाहीत, तळवेही उघडले नाहीत. चावी भिंतीला टेकवली आणि डोक्याचा पंचा सोडत बोलले.

"मोटर जळालीय. वाइंडिंगला दिलीय. आज पानी न्हाई, उद्या न्हाई. परवा सकाळी सहाला वरच्या आळीला, सातला खालच्या. सांजच्याला शाळंपाशी टँकर यील, घरटी चार घागरी. पाचवी भरली तर मी ओतून देईन. जावा आता."

आणि माणसं गेली. कुरकुरत गेली, पण गेली. मावशीसुद्धा घागर काखेला लावून वळल्या. दोन मिनिटांत पंचायतीसमोर मी, आबा आणि एक कोंबडी एवढेच उरलो. मी रुमाल काढून कपाळ पुसलं. बारा प्रमाणपत्रांत जे नव्हतं ते मी आत्ता उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आबा दोनदा 'न्हाई' म्हणाले होते आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

त्याच दुपारी मी ठरवलं, की पुढच्या प्रशिक्षणाला आबांचं नाव सुचवायचं. हा माणूस तिथं गेला पाहिजे. निदान त्याला बघून तिथल्यांना काही शिकता येईल.

"आबा, पुढच्या वेळी तुमचं नाव देतो. तीन दिवस. दोन वेळचं जेवण, गुलाबजाम असतात."

आबांनी पाइपाला लावलेला कान काढला. "न्हाई."

"अहो, प्रमाणपत्र मिळतं."

"न्हाई भाऊसाहेब. मी गेलो तर पानी कोन सोडंल?" असं म्हणून त्यांनी पुन्हा कान लावला. खड्ड्याच्या काठाशी उभा राहून मी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. नाही. नाही. अवघड नव्हता. दोनच तर अक्षरं. संध्याकाळपर्यंत मी तो वसुलीच्या रजिस्टरला म्हणालो, घंटागाडीला म्हणालो, एकदा आरशात बघूनही म्हणालो. चांगला जमायला लागला होता.

सात वाजता बीडीओसाहेबांचा फोन आला. मी उठून उभा राहिलो. या वेळी मी तयार होतो.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "केंद्राचं पत्र आलंय. तुमचं प्रात्यक्षिक त्यांना फार भावलं. पुढच्या सोमवारपासून प्रवीण प्रशिक्षक म्हणून तुम्हाला बोलावलंय, पाच दिवस. विषय तुमचाच, 'नाही म्हणण्याची कला'. मार्च एण्ड आहे, वसुली आहे, पण आबा बघतील ते. काही अडचण?"

मी पाय रोवले. पोटातून श्वास घेतला. 'बघतो' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता, तो मागे ढकलला. आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला स्पष्ट, ठाम, हसतमुख आवाजात म्हणालो,

"नाही."